सेफ हेवन की क्रॉडॅड्स, आधी कुठलं वाचू?

मैत्रीण दोन दिवस हर्णैला चाललीय, म्हणाली समुद्रकाठचं गाव हवं, प्रेम हवं आणि थोडी धाकधूक पण हवी, एकच पुस्तक सांग. एक कसं सांगू, माझ्या डोक्यात दोन आहेत आणि दोन्ही नॉर्थ कॅरोलिनाच्या किनाऱ्यावरची.

निकोलस स्पार्क्सचं 'सेफ हेवन' (२०१०) साउथपोर्टमध्ये घडतं, हे गाव खरंच आहे, केप फिअर नदी समुद्राला मिळते तिथे. केटी मारकुट्या नवऱ्यापासून पळून, नाव बदलून इथे वेट्रेसचं काम करते आणि दुकानवाल्या अ‍ॅलेक्समध्ये गुंतते, तो विधुर, दोन पोरांचा बाप. गंमत अशी की इथे रहस्य काही नाहीच. नवरा केविन बोस्टनचा डिटेक्टिव्ह, म्हणजे माणसं शोधणं हाच त्याचा धंदा, आणि मधली काही प्रकरणं तर त्याच्याच डोक्यातून येतात, व्होडका पीत बायबल पुटपुटणारा माणूस. तो कधी पोचतोय एवढीच भीती, पण ती पुरते. बाकी पहिला अर्धा भाग निवांत आहे, कंटाळा येऊ शकतो, आणि शेवटचा ट्विस्ट मला तरी नाही पटला बाबा.

डेलिया ओवेन्सचं 'व्हेअर द क्रॉडॅड्स सिंग' (२०१८) वेगळंच प्रकरण आहे. गाव काल्पनिक, बार्कली कोव्ह. १९६९ मध्ये गावातला तरुण चेस अँड्र्यूज वॉचटॉवरखाली मेलेला सापडतो आणि आजूबाजूच्या चिखलात पावलांचे ठसेच नाहीत, कोणाचेच, त्याचे स्वतःचेसुद्धा! मी ते पान दोनदा वाचलं. संशय खाजणात एकटीच वाढलेल्या कायावर. घरचे एकेक करून सोडून गेलेले, पोरगी पहाटे शिंपले वेचून जंपिनच्या दुकानात विकते, आणि टेट नावाचा मुलगा तिच्यासाठी झाडाच्या बुंध्यावर पिसं ठेवून जातो. बोलणं नाही, भेट नाही, नुसती पिसं. अ‍ॅलेक्स-केटीच्या सगळ्या गप्पा एकीकडे आणि ती पिसं एकीकडे. लेखिका मुळात वन्यजीव अभ्यासक, त्यामुळे पक्षी, भरती-ओहोटी भरपूर, खाडीकाठी वाढलेल्यांना आवडेल, ज्यांना फक्त खुनी कोण ते हवंय ते पानं उलटत बसतील. काळ पण सारखा मागेपुढे होतो, झोपेत वाचायचं काम नाही.

माझं मत क्रॉडॅड्सलाच. पण मारहाणीचे प्रसंग दोन्हीत आहेत, ते झेपत नसतील तर आत्ता दोन्ही राहू दे. आणि दोन्हींवर पिक्चर आलेत, क्रॉडॅड्सचा तरी आधी बघू नकोस, कोर्टाचा निकाल आणि त्यानंतरचं सगळं फुकट जाईल.

हर्णैवालीला सेफ हेवन दिलंय, दोन दिवसांत तेवढंच होतं.