सेकंडहँड १५०-६०० लेन्स, आठ महिने वापरल्यावर

पक्ष्यांचे फोटो काढायला ही १५०-६०० मिमीची झूम लेन्स नोव्हेंबरच्या शेवटी घेतली, ५२ हजारांना, आता जुलै संपत आला. कंपनीचं नाव लिहीत नाहीये कारण नाव घेतलं की दुसऱ्या कंपनीवाले अंगावर धावून येतात, आणि मला जे सांगायचंय ते या रेंजच्या कुठल्याही लेन्सला लागू पडतं. बॉडी माझी जुनीच, क्रॉप सेन्सरवाली (म्हणजे सेन्सर लहान), त्यामुळे ६०० ला फ्रेम ९०० सारखी मिळते. वजन दोन किलोच्या आसपास, फिल्टर लागतो ९५ मिमीचा (किंमत विचारू नका).

पहिला दीड महिना मला वाटत होतं की मी फसले. दर रविवारी पुण्याजवळचं नदीकाठचं कवडीपाट, नदीचा तो फेस आणि वास सहन करत चक्रवाक, शेकाट्या, चित्रबलाक सगळं टिपायचं आणि घरी येऊन लॅपटॉपवर उघडलं की सगळं खरवसासारखं मऊ, पिसाचा एक धागा सुटा दिसेल तर शपथ. ज्याच्याकडून घेतली त्याला फोन केला तर म्हणे मॅडम मी याच लेन्सवर ताडोबात वाघ काढलेत. म्हटलं तुझा वाघ राहू दे. मग गॅलरीत ट्रायपॉड लावला आणि समोरच्या बिल्डिंगच्या भिंतीवरची भाड्याने देणे आहे ही पाटी काढली, संध्याकाळी, ६०० ला. फोन नंबर सोडा, पाटीच्या खिळ्यावरचा गंज दिसत होता! म्हणजे लेन्स ठणठणीत.

उत्तर मिळालं ते कवडीलाच. एक काका नेहमी यायचे, नऊ वाजले की सामान आवरून चहाला जायचे, मला वाटायचं यांना हौस नाही. एकदा मी दहा वाजता पलीकडच्या काठावरचे चक्रवाक काढत बसलेले तर ते परत जाताना थांबले, म्हणाले मॅडम, कॅमेरा खाली ठेवा आणि नुसत्या डोळ्यांनी त्या काठाकडे बघा, हलतोय का? बघितलं तर खरंच, अख्खा काठ डोश्याच्या तव्यावरच्या हवेसारखा थरथरत होता. ऊन चढलं की गरम हवा वर येते, तिच्यातून प्रकाश वेडावाकडा येतो, आणि ६०० ची लेन्स पक्ष्याबरोबर ती मधली शंभर मीटर हवापण मोठी करून दाखवते. मी दीड महिना हवेचे फोटो काढत होते. गाडीत बसून गरम बॉनेटवरून काढले तरी हेच होतं, तेही नंतर कळलं.

दुसरी चूक माझीच. लेन्सवर स्टॅबिलायझेशन आहे म्हणून मी १/२५० सेकंदाच्या शटर स्पीडवर खुशाल चालले होते, पण ते माझा हात थांबवतं, धोबी पक्ष्याची शेपटी नाही थांबवत ना. आता बसलेल्या पक्ष्याला १/८०० च्या खाली जायचं जिवावर येतं, उडत्याला १/२०००, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता, वाढली की फोटो दाणेदार होतो) जाईल तिकडे जाऊ दे. दाणेदार फोटो नंतर सुधारता येतो, हललेला नाही.

फेब्रुवारीत उजनी धरणाकाठच्या भिगवणला गेले तेव्हा लेन्सचे पैसे वसूल झाले. उजनीचं पाणी उतरलं की उथळ चिखल मोकळा होतो आणि फ्लेमिंगो त्यातच चोच उलटी घालून चरतात. होडीत ट्रायपॉडचा काही उपयोग नाही, होडीच हलते, म्हणून आईने जुन्या जीन्सचा पाय शिवून दिला होता, आत दोन किलो तांदूळ, तो काठावर ठेवला आणि त्यावर लेन्स. नावाडी दादांना म्हटलं अजून थोडं जवळ घ्या ना, तर उलट त्यांनी वल्हं आडवं ठेवलं, म्हणाले ताई, माना वर झाल्यात बघा, आता पुढे गेलो की पळणार. तसेच बसलो, दहा-पंधरा मिनिटं असतील. मग एकेक मान खाली गेली आणि चरता चरता थवाच आमच्याकडे सरकला, इतका की मला ६०० वरून ४०० ला यावं लागलं. पांढरे पक्षी असल्याने एक्स्पोजर वजा ०.७ (म्हणजे फोटो थोडा गडद), नाहीतर पिसं जळून सपाट पांढरी होतात.

जिथे ही लेन्स कमी पडते ती जागा म्हणजे सिंहगडाची दरी. ६०० ला एफ ६.३, म्हणजे उजेड कमीच आत येतो, आणि त्या झाडीत सकाळी आठलापण अंधार, स्वर्गीय नर्तक समोरून लांब पांढरी शेपटी हलवत गेला आणि ऑटोफोकस बापडा पानं चाचपत बसला. फक्त जंगलातले पक्षी काढणार असाल तर ही घेऊ नका.

अजून एक, बाजूच्या बटणांकडे लक्ष ठेवा. पाषाण तलावाला खंड्या माझ्यापासून चार मीटरवर येऊन बसला, चोचीत मासा, ऊन बरोब्बर छातीवर, आणि फोकस काही केल्या लागेना, नुसतं पुढेमागे पुढेमागे. फोकस किती अंतरात शोधायचा ते ठरवणारं लिमिटरचं बटण दहा मीटरच्या पुढे या खुणेवर राहिलं होतं आदल्या आठवड्यापासून. मला कळेपर्यंत त्याने मासा फांदीवर आपटून गिळला आणि गेला.

आणि पुण्याचा पावसाळा. गेल्या वर्षी किटलेन्स (कॅमेऱ्यासोबत आलेली) कपाटात कापडी पिशवीत ठेवली होती, ऑगस्टमध्ये टॉर्च मारला तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. म्हणून ही आता हवाबंद प्लास्टिकच्या डब्यात, सोबत सिलिका जेल आणि छोटं आर्द्रतामापक, काटा ४० ते ५० टक्क्यांमध्ये ठेवते. निळे दाणे गुलाबी झाले की जुन्या तव्यावर मंद गरम करायचे (पोळ्यांच्या नाही). सेकंडहँड घेताना तुम्हीपण टॉर्च मारूनच घ्या, फोटो बघून नाही.

तांदळाच्या जीन्सचं मात्र डोक्यातून गेलं. परवा डब्याशेजारून काढली तर लेन्सच्या पुढे लावायच्या, डब्याबाहेरच राहिलेल्या हूडवर पोरकिडे फिरत होते. आई म्हणते निवडून देते, भात होईल अजून.