जुनी शिडाची बोट आणि सर्व्हेअर: पाचपैकी चार तारे

आधीच सांगते, बोट घेतली नाही. घेण्याआधी बोट तपासून देणाऱ्या सर्व्हेअरचे 520 पाउंड आणि क्रेनचे 170 गेले ते गेलेच. नवरा येणाऱ्या-जाणाऱ्याला "690 पाउंडांत न मिळालेली बोट" अशी गोष्ट रंगवून सांगतो. सांगू दे. ते पैसे वाचले असते तर बोटीचे 4,200 गेले असते.

बोट होती वेस्टर्ली सेंटॉर, 26 फुटी, 1974 ची, हॅम्बल नदीवर नांगरून ठेवलेली. साउदॅम्प्टनच्या आसपास कमी पैशांत शिडाची बोट शोधायला लागलं की सेंटॉर समोर येतेच. 1969 ते 1980 मध्ये 2,400 हून जास्त बनल्या. हिला मधोमध एक खोल कील (तळाखाली उतरणारं वजनदार पातं) नाही, दोन बाजूंना बिडाच्या दोन आहेत. ओहोटी लागली की बाई चिखलात दोन पायांवर सरळ उभी. रेवदंड्याच्या खाडीत ओहोटीला कलंडून पडलेल्या होड्या बघत मी वाढले, त्यामुळे मी भाळले ती याच गोष्टीवर.

ब्रोकरने एक सर्व्हेअर सुचवला होता. बोट खपली तरच ज्याला कमिशन, त्याने सुचवलेला माणूस मला नको होता. यॉट डिझायनर्स अँड सर्व्हेअर्स असोसिएशनच्या यादीतून दुसरा शोधला. साठीचा, कमी बोलणारा. फोनवर म्हणाला, "तुम्ही हजर राहणार असाल तर येतो. जुने कपडे घाला."

यार्डातली माणसं दुपारी जेवायला जातात तेवढा वेळ बोट क्रेनच्या पट्ट्यांत टांगून ठेवतात. बाहेर काढून टेकू देऊन उभी करण्यापेक्षा ते स्वस्त पडतं, पण हातात जेमतेम तास. मला वाटलं हा लगेच ठोकाठोकी सुरू करेल. तो गुडघ्यांवर बसला आणि कीलचा जोड बघत राहिला. टांगलेल्या बोटीत कीलचं सगळं वजन खाली ओढत असतं, त्यामुळे जोड ढिला असेल तर तो तेव्हाच तोंड उघडतो. डाव्या कीलच्या पुढच्या टोकाशी त्याने एक पातळ पत्र्याची पट्टी लावली. ती बोटाच्या पेराएवढी आत गेली. बाहेर काढली तर मागोमाग चहाच्या रंगाचं पाणी ओघळलं.

सेंटॉरचं हे जुनं दुखणं आहे. कील जिथे बसते तो हुलचा, म्हणजे बोटीच्या बाहेरच्या कवचाचा, भाग बाजूचा जोर आला की लवतो. शहाणे मालक आतून फायबरग्लासचे थर आणि आडवे पाट घालून तो मजबूत करून घेतात. या बोटीत तळाच्या फळ्या उचलल्या तर पाट नव्हते. होता तो नवाकोरा पांढरा रंग. सर्व्हेअरने त्यावर बोट फिरवलं आणि माझ्याकडे बघितलं. बोलला काहीच नाही.

मग हातोडी निघाली. प्लास्टिकच्या डोक्याची, खेळण्यातली वाटावी इतकी लहान. टक, टक, टक करत तो हुलभर फिरला. मी बाबांना व्हिडिओ कॉल लावून दिला होता. ते म्हणाले, "अगं, हा तर मडकं वाजवून घेतोय!" उजव्या बाजूला पाण्याच्या रेषेखाली एका ठिकाणी खरंच बद्द वाजलं. हा आवाज त्या गृहस्थांच्याही आधी बाबांना कळला, असं बाबांचं म्हणणं.

तिथेच एक फोड होता. टोचला, थेंब आला, त्याला व्हिनेगरचा वास. हेच ते ऑस्मॉसिस, फायबरग्लासमध्ये पाणी मुरून फोड येणं. मी घाबरले; तो नाही. पन्नाशीच्या बोटीला चार फोड म्हणजे म्हाताऱ्याच्या टाचेला भेगा, अशा सुरात त्याने ते वहीत टिपलं. ओलाव्याच्या मीटरचा आकडाही बराच चढला होता, पण नुकत्याच पाण्यातून काढलेल्या हुलवर तो आकडा फार मनावर घ्यायचा नसतो म्हणे.

सिंकखालची तोटी मात्र त्याने मला वाकून बघायला लावली. चाकूने खरवडली तर आत पिवळं नव्हे, गुलाबी. पितळेतलं जस्त खाऱ्या पाण्यात निघून जातं, मागे उरतं ते भुसभुशीत तांबं. एके दिवशी हातात तुटून येतं, आणि ही तोटी पाण्याच्या पातळीखाली.

एक तारा कापला तो अहवालासाठी. आठवड्याने आला, 19 पानं, त्यातली सहा "हे तपासलं नाही, त्याची जबाबदारी नाही" यातच गेली. इंजिन त्यात धरलेलं नसतं, त्याला वेगळा मेकॅनिक लागतो. डोलकाठीवर हा चढत नाही, खालून दिसेल तेवढंच बघतो. हे पैसे घेण्याआधी स्पष्ट सांगायला हवं होतं. मालकीचे कागदही तुमचे तुम्हीच बघा. स्मॉल शिप्स रजिस्टर या छोट्या बोटींच्या नोंदवहीतला दाखला म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे. आधीची विक्रीपत्रं मागा.

कीलचा खर्च वजा करून मी 1,500 सांगितले. मालक चिडले, बोलणी तिथेच संपली.

यानंतर सर्व्हेअरने आपणहून सांगितलं, पुढच्या बोटीला मला लगेच बोलावू नका, आधी कीलचा जोड आणि सिंकखालचे फोटो पाठवा. त्याचे पैसे नाहीत. दोन बोटींचे पाठवले. दोन्हींना एका शब्दात "नको" असं उत्तर आलं. तिसरी पूल नावाच्या गावात आहे. शनिवारी टॉर्च घेऊन जाते आहे, नवरा डबा घेऊन येतोय.