अगाशीवरच्या अँटेनासाठी केबल: ५० ओहमची की टीव्हीची ७५ ओहमची?

भाच्याने जमीन मोजणीच्या कामासाठी आरटीके बेस घेतला, म्हणजे एका जागी बसवून फिरत्या जीपीएसला दुरुस्ती पुरवणारा जीपीएस रिसीव्हर. अँटेना आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या घराच्या अगाशीवर, रिसीव्हर दोन मजले खाली, मधे २० मीटर केबल. घरात डीटीएचच्या वेळची उरलेली आरजी-६ पडून होती, ती मी पुढे केली. तर म्हणाला, "मामा, ही ७५ ओहमची. अँटेना ५० ची, रिसीव्हर ५० चा. सिग्नल उलटा फिरेल."

ओहमचा हा आकडा म्हणजे इंपीडन्स, सिग्नलच्या वाटेतला विद्युत विरोध; जोडाच्या दोन बाजूंना तो वेगळा असला की थोडा सिग्नल मागे परततो. फिरेल, पण किती? दोन इंपीडन्समधला फरक भागिले त्यांची बेरीज: २५ भागिले १२५, म्हणजे ०.२. हा झाला व्होल्टेजचा भाग. पॉवरमध्ये त्याचा वर्ग, ४ टक्के. डीबीत (डेसिबल, सिग्नलची घट-वाढ मोजायचं माप) सांगायचं तर एका जोडाला ०.१८, दोन्ही टोकांचं मिळून अर्ध्या डीबीच्या आत. जोड किती बेजुळ आहे ते सांगणारा आकडा, व्हीएसडब्ल्यूआर, येतो १.५ (१ म्हणजे पूर्ण जुळणी). मजा अशी की अनेक जीपीएस अँटेनांच्या डेटाशीटवरच २ पर्यंतचा व्हीएसडब्ल्यूआर चालेल असं छापलेलं असतं. म्हणजे ज्याची धास्ती घ्यायची, ते अँटेना घरात आणतानाच आपण मान्य केलेलं असतं.

आता दुसरी बाजू. जीपीएसचा एल-१ सिग्नल १५७५.४२ मेगाहर्ट्झवर येतो, एल-५ आणि आपल्या भारतीय उपग्रहांचा नाविक ११७६.४५ वर. या वारंवारतेला केबलमध्येच होणारी घट हा खरा खर्च. दुकानात "५० ओहमची द्या" म्हटलं की बहुतेकदा आरजी-५८ हातात पडते. २० मीटरला तिच्यात एल-१ वर १२ डीबीच्या आसपास किंवा त्याहूनही जास्त जातात. आरजी-६ मध्ये साधारण साडेपाच. अर्धा डीबी वाचवायला सहा-सात डीबी घालवायचे, हा हिशेब मला तरी पटत नाही. आरजी-६ काही उपरी नाही इथे. डिशकडून खाली येणारा सिग्नल ९५० ते २१५० मेगाहर्ट्झचा असतो आणि एल-१ त्याच्या मधोमध बसतो. एलएमआर-४०० ही ५० ओहमची जाड केबल दोघींना मागे टाकते, २० मीटरला साडेतीनच्या आत. पण ती महाग, आणि जुन्या घराच्या खिडकीच्या कोपऱ्यातून वळवताना घाम काढते.

अर्थात अँटेनाच्या पोटात अ‍ॅम्प्लिफायर असतो, २६ ते ४० डीबी गेनचा (म्हणजे सिग्नल तितका वाढवणारा), त्यामुळे केबलमधली घट त्याच्या नंतर येते आणि थोडीफार पचते. म्हणून ४० गेनचा अँटेना असेल तर आरजी-५८ वरही काम निभेल. २६ चा असेल तर खाली पोचेपर्यंत जेमतेम १४ उरतात. रिसीव्हरला किमान किती लागतात ते त्याच्या कागदावर पाहून घ्या. पाच मीटरच्या आतलं अंतर असेल तर विचारच करू नका, अँटेनाबरोबर आलेली बारीक केबल लावून मोकळे व्हा.

परावर्तनाबद्दल आणखी एक गैरसमज. केबलमध्ये दोनदा आपटून आलेला प्रतिध्वनी आणि समोरच्या इमारतीवरून उडून आलेला सिग्नल यांना लोक एकाच माळेत ओवतात. इमारतीवरून येणारा प्रत्येक उपग्रहासाठी वेगळा असतो, म्हणून जागा चुकते. केबलमधला सगळ्या उपग्रहांना सारखाच लागू होतो, म्हणून तो रिसीव्हरच्या घड्याळाच्या चुकीत जमा होतो. जागेला धक्का जवळपास लागत नाही. आमच्या २० मीटरच्या आरजी-६ मध्ये हा प्रतिध्वनी १६० नॅनोसेकंदांनी मागे येतो आणि मूळ सिग्नलच्या सुमारे ३९ डीबी खाली असतो. जमीन मोजणाऱ्याला त्याच्याशी घेणंदेणं नाही. मात्र बेस नव्हे, जीपीएसवरून अचूक वेळ घेणारं घड्याळच चालवायचं असेल, नॅनोसेकंदांचा हिशेब ठेवायचा असेल, तर माझं सगळं बोलणं विसरा आणि सरळ ५० ओहमची चांगली केबल घ्या.

आरजी-६ वापरणार असाल तर कुठे फसाल, तेही सांगतो. एफ कनेक्टर, म्हणजे टीव्ही केबलच्या टोकाचा जोड, केबलवर दाबून बसवणारा घ्या, फिरवून लावायचा नको. त्याला अँटेनाच्या किंवा रिसीव्हरच्या जोडाशी जुळवणारा अडॅप्टर एकच, माळ नको. सिग्नल दोन रिसीव्हरांना वाटायचा असेल तर जुना केबल टीव्हीचा स्प्लिटर चालणार नाही, तो बहुधा १००० मेगाहर्ट्झपर्यंतच असतो. डिशचा घ्या, आणि अँटेनातल्या अ‍ॅम्प्लिफायरला याच केबलमधून जाणारी वीज एकाच रिसीव्हरच्या बाजूने वर जाईल असा. रिकाम्या तोंडाला ७५ ओहमची टोपी लावा, नाहीतर तिथून मात्र खरोखरच सगळं उलटं फिरेल.

आणि इंपीडन्स बिघडवणारी मोठी गोष्ट दुकानात नाही, अगाशीवर आहे. एका उत्तरायणला, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या वेळी, आमच्या डिशच्या केबलवर मांज्याने बारीक चीर पाडली. जानेवारीत कुणाच्या लक्षात आली नाही. जुलैत केबलच्या आतल्या तारांच्या जाळीत पाणी झिरपलं आणि पावसाची सर आली की चित्र जायचं; आम्ही ढगांना दोष देत बसलो. भिजलेली केबल ना ७५ ची राहते ना ५० ची. तेव्हा कोणतीही घ्या, पण अगाशीवरचा भाग पाइपातून न्या, जोडावर आपोआप चिकटणारी रबरी पट्टी गुंडाळा आणि आत शिरण्याआधी केबलला खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी तिथून टपकेल.

भाच्याने शेवटी आरजी-६ च टाकली, पण नवी आणली. माझ्या भेंडोळ्याचं टोक सोलून पाहिलं तर जाळी काळी पडली होती. ते आता अगाशीवर वाळवणाच्या दोरीचं काम करतंय.