ट्राउटसाठी कृत्रिम माश्या: विकत घ्याव्यात की स्वतः बांधाव्यात?

ट्राउट माशाच्या मासेमारीत एक-दोन हंगाम गेले, निम्म्या माश्या, म्हणजे गळावर धागा-पिसे बांधून केलेली कीटकांसारखी आमिषे, झाडांच्या फांद्यांना आणि नदीच्या तळातील दगडांना अर्पण झाल्या, की आपण स्वतःच का बांधू नये, असा विचार मनात येतो. बहुतेक जण त्याचे उत्तर खर्चात शोधतात आणि तेथेच फसतात. एका माशीला लागणारा गळ, हातभर धागा आणि चिमूटभर पिसे यांची किंमत तयार माशीपेक्षा कमी असते, हे खरे. पण साहित्य चिमटीने मिळत नाही. धागा रिळाने घ्यावा लागतो, गळ पाकिटाने, कोंबड्याच्या मानेची चांगली पिसे बहुधा कातड्यासकट, आणि प्रत्येक नवा नमुना आणखी काही तरी मागतो. वर्षातून पाच-सहा दिवस नदीवर जाणाऱ्याने केवळ बचतीसाठी हा उद्योग आरंभला, तर बचत होण्याची शक्यता फारच थोडी आहे.

स्वतः बांधण्याच्या बाजूने खरे वजनदार कारण म्हणजे माशीचे वजन. ट्राउट आपले बरेचसे अन्न पाण्याखाली घेतो. त्यामुळे निम्फ, म्हणजे कीटकाच्या पाण्यातील अवस्थेची नक्कल करणारी माशी, प्रवाह तिला वाहून नेण्यापूर्वी योग्य खोलीवर पोहोचली पाहिजे. तयार निम्फच्या डोक्याशी बसवलेला रंगीत मणी पितळेचा आहे की टंगस्टनचा, आणि अंगाखाली तारेचे किती वेढे आहेत, हे वरून पाहून कळत नाही. टंगस्टनची घनता पितळेच्या दुपटीहून अधिक असल्याने एकाच आकाराचे दोन मणी पाण्यात अगदी निराळे वागतात. स्वतः बांधणारा एकच नमुना तीन वजनांत बांधतो, डोक्याशी वेगवेगळ्या रंगाचा धागा वापरून त्यांची ओळख ठेवतो आणि नदीवर पाण्याचा जोर पाहून हवी ती काढतो. ही सोय मला तरी इतर सर्व फायद्यांपेक्षा मोठी वाटते.

इंग्लंडमधील एव्हन नदीचे राखणदार फ्रँक सॉयर यांची फेजंट टेल निम्फ या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. त्यांनी धागा वापरलाच नाही. फेजंट या पक्ष्याच्या शेपटीच्या पिसांचे तंतू तांब्याच्या बारीक तारेने बांधले आणि एकाच तारेकडून बांधणी, वजन व तांबूस झाक अशी तिन्ही कामे करून घेतली. आज याच नावाने मिळणाऱ्या पुष्कळ माश्या धाग्यावर बांधलेल्या आणि पुढे मणी ओवलेल्या असतात. त्यांनाही मासे लागतात, पण मूळ सडपातळ नमुना हवा असेल, तर तो स्वतः बांधणे हाच खात्रीचा मार्ग.

याउलट, पाण्यावर तरंगणाऱ्या लहान ड्राय फ्लायच्या बाबतीत मी नवशिक्याला तयार मालाकडेच पाठवीन. गळाचा क्रमांक जितका मोठा, तितका गळ लहान. क्रमांक 18 किंवा 20 च्या गळावर उभा पंख, त्याच्या बुडाशी आडवे गुंडाळलेले पीस आणि नेमक्या लांबीची शेपटी बसवणे हे पहिल्या वर्षाचे काम नव्हे. गुंडाळायच्या पिसाचे तंतू साधारणपणे गळाच्या टोकाच्या व दांडीच्या मधल्या अंतराच्या दीडपट असावे लागतात. ते लांब पडले किंवा पीस निकृष्ट असले, की माशी कलंडते किंवा बुडते, आणि संथ, नितळ पाण्यात खालून निवांत निरखणारा ट्राउट तिच्याकडे पाठ फिरवतो. रोज डझनांनी एकच नमुना बांधणाऱ्या कारागिराचा हात येथे वरचढ ठरतो.

टिकाऊपणाचा कौल मात्र एका बाजूने देता येत नाही. तयार माशीच्या डोक्याशी धाग्याची गाठ कधी कधी ढिली असते आणि दोन-तीन मासे लागताच ती उलगडू लागते. पण आपल्या पहिल्या दोन डझन माश्या त्याहून लवकर उलगडतील, किंवा आपण डोके इतके पुढे आणून ठेवू की गळाचे नेढे बुजून दोर ओवताच येणार नाही. ही चूक जवळजवळ प्रत्येकाच्या हातून होते. वेळेचे म्हणाल, तर सुरुवातीला एका माशीला अर्धा तास सहज जातो.

म्हणून निवड नमुन्यागणिक करावी, असे माझे मत आहे: लहान ड्राय फ्लाय विकत घ्याव्यात, आणि जेथे माश्या सर्वांत जास्त हरवतात त्या तळालगतच्या मासेमारीसाठी निम्फ व स्ट्रीमर, म्हणजे लहान माशासारख्या पोहणाऱ्या जिवाची नक्कल करणाऱ्या लांबट माश्या, स्वतः बांधावेत. आरंभ क्रमांक 8 किंवा 10 च्या गळावरील वूली बगर या स्ट्रीमरने करावा. पेन्सिल्व्हेनियातील रसेल ब्लेसिंग यांचा हा नमुना 1967 चा आहे. मऊ पिसांची शेपटी, लोकरीसारखे अंग आणि त्यावर मळसूत्री गुंडाळलेले पीस एवढाच त्याचा संसार, आणि त्यातील चुका पाण्यात दिसत नाहीत. त्यासाठी गळ घट्ट धरणारा लहान शेगडा, धाग्याचे रीळ धरणारा बॉबिन, अणकुचीदार कात्री आणि शेवटची गाठ मारण्याचे साधन पुरेसे आहे. सर्व काही एकाच पेटीत देणारे तयार संच मी टाळीन. त्यांतील पिसे आणि शेगडा हेच बहुधा सर्वांत कच्चे निघतात. त्याऐवजी एका नमुन्याचे साहित्य घेऊन तो ओळीने बारा वेळा बांधावा. उरलेली पिसे घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावीत, कारण कसर लागली, तर ती एका डब्यावर थांबत नाही.

निर्णय होईपर्यंत एक करता येईल. विकत घेतलेली एखादी माशी माशांच्या दातांनी कुरतडली गेली, तर ती फेकण्याऐवजी ब्लेडने डोक्याकडून हळूहळू उलगडावी, कोणती वस्तू कशानंतर बांधली आहे हे कागदावर लिहून ठेवावे, आणि गळाचे टोक शाबूत असेल, तर तीच माशी त्याच गळावर पुन्हा बांधून पाहावी.