स्पेंटवॉशची विल्हेवाट : कंपोस्ट की बॉयलर?

सांगली-साताऱ्यातील ज्या साखर कारखान्यांना आसवनी (अल्कोहोल बनवण्याचा) प्रकल्प उभारायचा किंवा वाढवायचा आहे, त्यांच्या संचालक मंडळाने यंत्रांच्या निविदा उघडण्याआधी स्पेंटवॉशचा, म्हणजे अल्कोहोल काढल्यावर उरणाऱ्या सांडपाण्याचा, निर्णय घ्यावा. मळीपासून एक लिटर अल्कोहोल काढताना साधारण ८ ते १५ लिटर स्पेंटवॉश निघतो. तो गरम, आम्लधर्मी आणि गडद तपकिरी असतो, आणि त्याचा सीओडी (सेंद्रिय घाण कुजवण्यास लागणाऱ्या प्राणवायूचे माप) लिटरला लाखभर मिलिग्रॅमच्या घरात असतो. असे पाणी ओढ्यानाल्यातून कृष्णेत उतरले, तर पाण्यातील प्राणवायू संपून मासे तडफडून मरतात.

पहिला मार्ग बायोगॅस आणि कंपोस्टचा. बंद डायजेस्टरमध्ये, म्हणजे हवाबंद टाकीत, जिवाणू सीओडीचा साठ-सत्तर टक्के भाग खाऊन मिथेनयुक्त वायू देतात, तो इंधन म्हणून वापरता येतो, आणि भांडवली खर्चही तुलनेने कमी लागतो. रंग आणि क्षार मात्र पाण्यातच राहतात. हे पाणी प्रेसमडच्या (रस गाळताना उरणाऱ्या गाळाच्या) लांब ढिगांवर फवारत आणि ढीग यंत्राने उलटत ४५ ते ६० दिवसांत खत तयार केले जाते. येथे हिशेब मांडून पाहावा. रोज ३० हजार लिटरची आसवनी २७० दिवस चालली आणि लिटरमागे १० लिटर स्पेंटवॉश धरला, तर वर्षाला सुमारे ८१ हजार टन द्रव होतो. एक टन प्रेसमड अडीच टन द्रव जिरवतो असे मानले, तर ३२ हजार टनांहून अधिक प्रेसमड हवा. उसाच्या तीन-चार टक्केच प्रेसमड निघत असल्याने त्यासाठी आठ ते अकरा लाख टन गाळप लागेल. क्षमता दुप्पट करताना प्रेसमड दुप्पट होत नाही, आणि अडचण नेमकी तेथे सुरू होते.

दुसऱ्या मार्गात स्पेंटवॉश बाष्पीभवन यंत्रणेत आटवून, त्यातील घनपदार्थांचे प्रमाण साधारण ५५ ते ६० टक्क्यांवर आणून, बगॅस (उसाचा चोथा) किंवा कोळशाच्या जोडीने खास बॉयलरमध्ये जाळतात. वाफ आणि वीज मिळते, पावसाळ्यातही काम थांबत नाही, आणि पोटॅशयुक्त राखेपासून १४.५ टक्के पोटॅशचे खत करता येते. खर्च मात्र मोठा आहे. राखेतील क्षार कमी तापमानाला वितळून नळ्यांवर चिकटतात, त्यामुळे सफाईसाठी बॉयलर वरचेवर बंद ठेवावा लागतो.

आटवून कोरडी भुकटी करण्याचा तिसरा पर्यायही आहे. तथापि वाळवण्याचे इंधन आणि भुकटीला खात्रीचा ग्राहक, या दोन्हींची सोय असेल तरच त्याचा विचार करावा.

जागेचा विचार मी सर्वांत वर ठेवीन. माण, खटाव, जत, आटपाडी या कमी पावसाच्या तालुक्यांत, गाळप पुरेसे असेल आणि कंपोस्टचे आवार काँक्रीटचे, गळतीरोधक असेल, तर पहिला मार्ग रास्त ठरतो. वाळवा, पलूस, मिरज या कृष्णाकाठच्या पट्ट्यात आधीच जमिनी क्षारपड होत आहेत. तेथे उघड्या ढिगांतून झिरपणारा प्रत्येक थेंब शेजारच्या विहिरीत जातो. अशा ठिकाणी, आणि मोठ्या क्षमतेच्या प्रकल्पात सर्वत्र, कर्ज जास्त काढावे लागले तरी आटवून जाळण्याचाच मार्ग धरावा.

मात्र करारात केवळ बॉयलर धरून चालणार नाही. बाष्पीभवनातून निघणारे पाणी दिसायला स्वच्छ असले तरी त्यात सेंद्रिय आम्ले असतात, म्हणून त्याच्या शुद्धीकरणाचा संच आणि आवाराभोवतीच्या निरीक्षण विहिरी त्याच निविदेत मागवाव्यात.