क्रँक ग्राइंडिंगनंतरचे आठ महिने : २००७ च्या पेट्रोल गाडीतील ठोका

गेल्या पावसाळ्यात माझ्या चार सिलिंडरच्या जुन्या पेट्रोल गाडीने एक जाड, दबका ठोका द्यायला सुरुवात केली. पन्हाळ्याच्या चढावर तो जाणवत नसे. चढ संपून ॲक्सिलरेटरवरचा पाय सैल केला की स्पष्ट ऐकू येई. निदानाची निम्मी माहिती याच फरकात होती, कारण डिटोनेशनचा (पेट्रोल-हवेचे मिश्रण नीट न जळता अचानक भडकण्याचा) बारीक, खडखडणारा आवाज याच्या उलट, चढावर भार आला असतानाच होतो.

पहिल्या गॅरेजमध्ये गाडी चालवून न पाहताच सिलिंडरमध्ये साचलेल्या कार्बनला दोष देण्यात आला. त्यांच्या सांगण्यावरून मी ९५ ऑक्टेनचे पेट्रोल भरले, प्लग बदलले आणि शेवटी २०डब्ल्यू-५० हे जाड ऑइल घातले. त्या ऑइलने आवाज तीन आठवडे दबला, मात्र आतली झीज चालूच राहिली, याची मला आजही हळहळ वाटते.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील मेस्त्रींनी आधी इंजिन पूर्ण गरम होईपर्यंत गाडी फिरवली आणि मग आयडलिंगपेक्षा थोड्या वरच्या वेगावर एकेका इंजेक्टरचा कनेक्टर काढून पाहिला. तिसऱ्याचा काढताच ठोका जवळजवळ थांबला, कारण त्या सिलिंडरमधले ज्वलन बंद झाले की कनेक्टिंग रॉडवर (पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या दांड्यावर) बसणारा तडाखा नाहीसा होतो. टॅपेटचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाचा) आवाज असता तर त्यात काहीच बदल झाला नसता. (ही तपासणी प्लगची वायर काढूनही करतात, पण मग न जळलेले पेट्रोल धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाते.) प्रेशर स्विचच्या जागी गेज लावले, तेव्हा गरम इंजिनचा ऑइलचा दाब आयडलिंगला जेमतेम ०.६ बार भरला, आणि तरीही डॅशबोर्डवरचा लाल दिवा लागलेला नव्हता.

इंजिनखालचे ऑइलचे चेंबर खोलल्यावर तळाच्या ऑइलमध्ये चमकणारी कणी दिसली आणि तिसऱ्या बिग एंडच्या (रॉडच्या क्रँककडील टोकाच्या) बेअरिंग शेलचा मऊ थर झिजून खालचा धातू उघडा पडला होता. मायक्रोमीटरने मोजल्यावर क्रँकपिनही (क्रँकचा ज्या भागावर रॉड फिरतो तो) अंडाकृती झाल्याचे आढळले, त्यामुळे नुसते शेल बदलून भागणार नव्हते. इंजिन उतरवून चारही पिना घासून मूळ मापापेक्षा ०.२५ मिलिमीटर बारीक (अंडरसाइझ ग्राइंड) केल्या, त्या मापाचे शेल, रॉडचे नवे बोल्ट आणि नवा ऑइल पंप बसवला. क्रँकमधल्या ऑइलच्या वाटा धुऊन हवेने साफ करताना मेस्त्रींनी जो वेळ घेतला, तो मला सगळ्यांत मोलाचा वाटला. तिथे एक कण जरी राहिला असता, तरी नवे शेल पहिल्याच दिवशी खरचटले असते.

पहिल्या ५०० किलोमीटरनंतर ऑइल व फिल्टर बदलला. आता ६,४०० किलोमीटर झाले आहेत, गरम इंजिनचा दाब आयडलिंगला १.४ बार मिळतो आणि पन्हाळ्याचा रस्ता पूर्वीसारखाच शांतपणे पार पडतो. मूळ कारण क्रँकच्या मागच्या ऑइल सीलची गळती हे होते : पातळी खाली गेलेली असताना उभ्या चढावर आणि वळणांवर पंप ऑइलऐवजी हवा ओढत असावा. ते सीलही बदलले, तरी दर रविवारी, गाडी सपाट जागी उभी करून, मी डिपस्टिक पाहतो.

थंड इंजिनमधून सकाळची पहिली दोन मिनिटे पिस्टनचा हलका आवाज अजून येतो. बोअरिंग करून (सिलिंडर आतून कोरून) तो गेला असता, पण गाडी ऑइल जाळत नाही आणि गरम होताच तो आवाज थांबतो, म्हणून तेवढ्यासाठी इंजिन पुन्हा उतरवणार नाही.