पूर-विटा: शिवाजी पेठेतल्या सुतारमामांनी करून दिलेलं खेळण्यातलं हत्यार

माझा भाचा आठ वर्षांचा. घर कोल्हापूरच्या सुतारवाड्यात, म्हणजे पंचगंगेचं पाणी शहरात शिरायला लागलं की ज्यांना सगळ्यात आधी बाहेर पडावं लागतं त्यांच्यातलं. 2021 च्या जुलैत तो चार वर्षांचा होता. त्याला खांद्यावर घेऊन आम्ही चित्रदुर्ग मठात आसऱ्याला गेलो, ते त्याच्या डोक्यातून अजून गेलेलं नाही. पाऊस लागला की सगळ्यांच्या मोबाईलवर पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी यायला लागते आणि हा दर तासाला विचारतो, "आत्या, किती फूट झालं?" 39 ला इशारा, 43 ला धोका, हे त्याला पाढ्यांच्या आधी पाठ झालंय.

यात्रेत घेतलेली प्लॅस्टिकची बंदूक आहे त्याच्याकडं. ती घेऊन एका रात्री माझ्या अंथरुणाशी आला आणि म्हणाला, "पाण्याला गोळी लागती का गं?"

मी लहानपणी तालमीत मर्दानी खेळ शिकलेय, तेव्हा मला विटा आठवला. विटा म्हणजे दोरीचा भाला. दोरीचं एक टोक भाल्याच्या बुडाला, दुसरं मनगटाला. फेकायचा आणि ओढून परत हातात घ्यायचा. हे ऐकल्यावर तो वही घेऊन बसला. त्याच्या चित्रात टोकाला पातं नव्हतंच, लाल भोपळ्यासारखा गोळा होता. "मारायचं नाही, ओढून आणायचं," म्हणाला. लोकांना.

ते चित्र घेऊन आम्ही गेलो पेठेतल्या एका सुतारमामांकडं. तालमीच्या पोरांसाठी लाकडी तलवारी करतात, दुकानाला पाटी नाही. मामांनी चित्र नीट बघितलं, पोराला समोर स्टुलावर बसवलं आणि सगळं त्यालाच विचारलं, मला नाही. एवढ्यासाठीच मी हे लिहितेय.

काठी बांबूची ठरली. एक इंच म्हणजे एक फूट पाणी, असं माप पोरानं काढलं. मामा म्हणाले, "बाळा, तुझ्या उंचीला 45 इंच बास झाली." हा ऐकेना. 2019 ला आणि 2021 ला पाणी 55 फुटांच्या वर गेलं होतं, मग 45 ला काठी संपंल की! मामा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग 60 इंचांवर खूण करून करवत उचलली.

गोळा पांगाऱ्याचा, कातून घेतलेला. पांगारा हलका, त्यामुळं पाण्यावर तरंगतो. कुणाला लागू नये म्हणून त्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून बसवलीय. काठीवर 39 आणि 43 च्या खुणा तापलेल्या सळईनं डागल्यात, बोट फिरवलं की अंधारातही कळतात. दोरी सुती, बारा फूट. मी नायलॉनची म्हटलं होतं, पण ओढताना तळवा सोलतो म्हणून मामांनी नको म्हटलं आणि ते बरोबर होतं. सगळे मिळून 650 रुपये घेतले.

तक्रारी आहेत. चार दिवस सांगून अकरा दिवस लावले आणि त्यात आमच्या तीन फेऱ्या फुकट गेल्या. गोळ्याचा लाल रंग ओल्या हाताला लागत होता. लहान पोराच्या हातात द्यायच्या वस्तूला हे चालत नाही. परत नेल्यावर मामांनी सगळा रंग खरवडून लाखेचा दिला, जादा पैसे न घेता. सुती दोरी भिजली की फुगते आणि मनगटाची गाठ सुटत नाही, म्हणून मी तिथं गाठीऐवजी रुंद नाडीचा सैल फासा शिवला. मामांनी तो आधीपासूनच तसा द्यावा. आणि काठी लांबच आहे. घरात फिरवताना दिवाणखान्यातली ट्यूबलाईट गेली.

आता गल्लीत रोज संध्याकाळी खेळ चालतो. उलट्या घातलेल्या खुर्च्या म्हणजे छपरं. एक पोरगं पोत्यावर बसतं, भाचा विटा फेकतो, ते गोळा धरतं आणि बाकीचे मिळून त्याला शहाबादी फरशीवरून ओढत आणतात. महिनाभर असं ओढूनही दोरीचा एक पीळ सुटलेला नाही. आळीपाळीनं सगळी वाचतात. परवा मांजरही वाचलं.

मागच्या आठवड्यात सलग दोन दिवस पाऊस होता. पातळी तो अजून विचारतो. पण उत्तर मिळालं की काठीवर तेवढी बोटं मोजतो, 39 च्या खाली आहे बघून विटा उशाला ठेवतो आणि झोपतो.

ज्यांच्या पोरांनी पूर बघितलाय त्यांनी जरूर करून घ्यावा, पण पोराला बरोबर न्यावं आणि त्याला बोलू द्यावं. शेजारच्या मुलीला दोरी वीस फूट पाहिजे, तिचं घर दुमजली आहे. बुधवारी तिला घेऊन मामांकडं जाणार आहे.